मदत हवी आहे: लॅटचं (पाठीच्या रुंद स्नायूचं) टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारा दोरीसारखा भाग, हाडापासून सुटलंय, ऑपरेशन करू का?

मी भालाफेक करतो. १९ दिवसांपूर्वी प्रॅक्टिसचा शेवटचा थ्रो, भाला हातातून सुटला आणि काखेमागे टर्रकन आवाज आला, आधी वाटलं टी-शर्ट उसवला. मग हात जड पडला आणि दोन दिवसांत दंडाच्या आतून कोपरापर्यंत काळंनिळं. पहिल्या डॉक्टरांनी खांद्याचा एमआरआय काढला, रोटेटर कफ (खांद्याच्या सांध्याभोवतीचे स्नायू) ठणठणीत, म्हणजे स्नायू ताणलाय, गोळ्या घे आणि आराम कर. पण आरशासमोर हात कमरेवर दाबून उभा राहिलो तर डाव्या काखेची मागची कड नीट उठून दिसते आणि उजवीकडे सपाट, खाली बरगडीपाशी गोळा. हे दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले लॅटचं टेंडन दंडाच्या हाडाला पुढून चिकटतं, खांद्याच्या नेहमीच्या एमआरआयमध्ये कधीकधी तेवढा खालचा भाग येतच नाही. दंडाचा काढला तर टेंडन पूर्ण सुटून ४ सेंमी मागे सरकलेलं.

आता सर्जन म्हणतात शिवून घे, फिजिओ म्हणतो बरेच जण ऑपरेशनशिवाय परत खेळतात, आणि मला दोघांचंही पटतं हाच वैताग आहे. रोजच्या कामात फारसा त्रास नाही, वरून खाली काही ओढायला गेलं की मात्र जोरच लागत नाही. कुणाला अनुभव?

प्रतिसाद: माझं पुलअप मारताना झालं होतं, मी शिवून घेतलं. फिजिओला विचार, ते बरेच जण म्हणजे अर्धवट फाटलेले की हाडापासून सुटलेले? अर्धवट असेल किंवा स्नायूच्या मांसात फाटलं असेल तर सहसा ऑपरेशन करतच नाहीत. तुझं पूर्ण सुटलंय, त्यात थ्रो करायचेत. ठरवायचं ते लवकर ठरव, टेंडन आखडून आजूबाजूला चिकटलं की ओढून जागेवर आणणं अवघड होतं. आणि सर्जनना बिनधास्त विचार की हेच ऑपरेशन किती केलीत, रोटेटर कफ रोजचं असतं, हे क्वचित, शिवाय रेडियल नर्व्ह (हाताचा एक मोठा मज्जातंतू) अगदी जवळून जाते. मला ६ आठवडे स्लिंग (हात गळ्यात अडकवायची झोळी) होती, वजनं १२ आठवड्यांनंतर. थ्रोला ६ महिने तरी धरून चाल.

धागाकर्ता: नर्व्हचं कुणी बोललंच नव्हतं, उद्याच विचारतो. स्लिंगमध्ये झोपायचास कसा?

प्रतिसाद: अर्धवट बसून, दंडाखाली उशी. पहिले दहा दिवस झोप विसर.