ऑनलाइन जुगारातला ग्राहक कशाने टिकतो: बोनसने की माणसाने?

हिशेबनीस (धागाकर्ता)
ब्रिटनमधल्या ऑनलाइन जुगार कंपन्या ग्राहक टिकवण्यासाठी दोन मार्ग वापरत आल्या आहेत. पहिला पैशाचा: खात्यात भरलेल्या रकमेवर बोनस, फुकट बेट (स्वतःचे पैसे न लावता मिळणारी पैज), हरलेल्या रकमेतला काही वाटा परत. दुसरा माणसाचा: मोठ्या रकमा लावणाऱ्यासाठी नेमलेला व्हीआयपी मॅनेजर, जो त्याच्याशी नावाने बोलतो, वाढदिवस लक्षात ठेवतो आणि फुटबॉलच्या सामन्याची तिकिटे पाठवतो. माझ्या मते बोनसने ग्राहक येतो, पण टिकत नाही. केवळ बोनस गोळा करत संकेतस्थळे बदलणारे लोक तर कंपनीलाच खर्चात पाडतात. टिकवण्याचे काम माणूस करतो, म्हणून नियंत्रणाचा रोख प्रथम त्याच्यावर हवा.

लेस्टरकर
असहमत. मॅनेजर मूठभरांच्या वाट्याला येतो, बोनस मात्र सगळ्यांपर्यंत पोहोचतो, आणि त्यातली फसगत उघड दिसत नाही. समजा, १० पौंडांचा बोनस मिळाला आणि तो काढून घेण्याआधी ३५ पट रक्कम खेळण्याची अट आहे. म्हणजे ३५० पौंड लावायचे. खेळात कंपनीचा वाटा ४ टक्के धरला, तर सरासरीने १४ पौंड जातात. भेट दहाची आणि तिची किंमत चौदा! ब्रिटनच्या जुगार नियामकाने, म्हणजे गॅम्बलिंग कमिशनने, जानेवारी २०२६ पासून ही अट १० पटींवर आणली. त्याच हिशेबाने आता ४ पौंड जातात आणि बोनस प्रथमच बोनस ठरतो. नियमाचा फायदा सर्वांना मिळाला, तो असा.

हिशेबनीस
गणित बरोबर आहे, पण या धंद्यातला पैसा सर्वांमध्ये सारखा वाटलेला नाही. मार्च २०२० मध्ये बेटवे कंपनीला कमिशनच्या कारवाईत १ कोटी १६ लाख पौंड भरावे लागले, ते व्हीआयपी ग्राहकांच्या प्रकरणांतच. त्यांपैकी एकाने चार वर्षांत ८० लाखांहून अधिक पौंड खात्यात भरले आणि ४० लाखांहून अधिक गमावले, तरी त्याचा पैसा येतो कुठून याची तपासणी झाली नव्हती. दहा पौंडांच्या बोनसने कोणी एवढे खेळत नाही.

मांडवीकाठ
मॅनेजरला खलनायक ठरवण्याची घाई होते आहे. मध्यरात्री फुकट बेटचा संदेश यंत्र पाठवते. समोरच्याचा आवाज बदलला आहे, तो उसने पैसे लावतो आहे, हे कळले तर माणसालाच कळेल. कमिशनच्या ऑक्टोबर २०२० च्या नियमांनी हीच दिशा घेतली: व्हीआयपी करण्यापूर्वी ग्राहकाला हा खर्च परवडतो का ते पाहायचे आणि योजनेची जबाबदारी वैयक्तिक परवाना असलेल्या वरिष्ठ अधिकाऱ्यावर टाकायची. लक्ष देणे वाईट नाही, फक्त त्या लक्षाचे वेतन ग्राहकाच्या हरण्यावर ठरता कामा नये.

हिशेबनीस
वेतनाचा मुद्दा मान्य, पण तेवढ्याने भागत नाही. सातत्याने जिंकणाऱ्याला कोणी तिकिटे पाठवत नाही. उलट त्याच्या बेटची कमाल रक्कमच कमी केली जाते. आपुलकी फक्त हरणाऱ्याच्या वाट्याला येत असेल, तर तिला ग्राहकसेवा कसे म्हणावे?

लेस्टरकर
भारताकडे पाहा. १ ऑक्टोबर २०२३ पासून भरणा रकमेवर २८ टक्के जीएसटी लागला, तेव्हा ग्राहक जाऊ नये म्हणून अनेक अ‍ॅपनी कराएवढा बोनस देऊन तो भार स्वतः उचलला. कोट्यवधी खेळाडूंना धरून ठेवायचे तेव्हा कंपन्यांना पैसाच आठवला, मॅनेजर नव्हे.

मांडवीकाठ
त्याच भारतात २०२५ च्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले, पण व्हॉट्सअ‍ॅपवरून बेकायदा परदेशी संकेतस्थळांची ‘आयडी’ (खेळण्याचे खाते) देणारा एजंट त्याआधीही होताच. भरणा तोच घेतो, जिंकलेले पैसे तोच पोहोचवतो आणि अडचणीत फोनही तोच उचलतो. तिथे बोनस आणि माणूस वेगळे काढायचे कसे, हे दोघांनीही सांगावे. त्याच्या वेतनावर नियम घालणारे कमिशन तर तिथे नाहीच.