कराराचा फरक हातात आलाय. केरळला जावं की म्हातारपणासाठी ठेवावा?

पाथर्डीफाटा_४४

नमस्कार. नाशिकच्या अंबडला एका कारखान्यात सीएनसी ऑपरेटर आहे, वय ४४. वेतन करार लांबत लांबत एकदाचा झाला आणि मागच्या चौदा महिन्यांचा फरक एकरकमी जमा झाला. सगळी कपात जाऊन १ लाख ७६ हजार. एवढी रक्कम एकदम हातात येण्याची माझी ही दुसरीच वेळ. पहिली फ्लॅटच्या डाऊन पेमेंटमध्ये गेली.

मला त्यातले ८० हजार घेऊन मे महिन्यात चौघांनी आठ दिवस केरळला जायचंय. बायको म्हणते, पूर्ण रक्कम पीपीएफमध्ये टाका. भांडण नाही, पण हा विषय निघाला की ताटावरचं बोलणं थांबतं. तीन आठवडे असं चाललंय.

माझी बाजू सांगतो. मुलगी अकरावीत आहे. पुढचं वर्ष बारावीचं, त्यानंतर ती शिकायला बाहेर जाणार. मुलगा सातवीत. म्हणजे चौघं मिळून कुठे जायचं तर हीच सुट्टी. मागच्या रविवारी सोमेश्वरला गेलो होतो. धबधब्याजवळच्या ओल्या दगडांवरून उतरताना मुलीने आपसूक माझा खांदा धरला. घरी ती हल्ली दार लावून बसते. त्या दोन मिनिटांनंतर मला वाटायला लागलं की हे पैसे आत्ताच खर्च करायचे आहेत.

आता दुसरी बाजू. हातात ४८ हजार येतात, त्यात घराचा हप्ता १७ हजार, अजून अकरा वर्षं. पीएफ कापला जातो. त्याशिवाय फक्त एक एलआयसी पॉलिसी आहे. खासगी नोकरी आहे, ५८ ला घरी. मी चुकतोय का, ते मोकळेपणाने सांगा.

सातपूर_निवृत्त

दादा, तुम्ही ५८ म्हणालात म्हणून लिहितो. माझी कंपनी २००९ साली बंद पडली तेव्हा मी ५२ चा होतो. म्हातारपण ५८ ला सुरू होतं हे आपण धरून चालतो, ते कंपनीने मान्य केलेलं नसतं. नंतरची सहा वर्षं ठेकेदाराकडे काढली, निम्म्या पगारात. त्याआधी पीएफमधून दोनदा उचल केली होती, एकदा घराला, एकदा मोठ्या मुलीच्या लग्नाला. दोन्ही कारणं योग्यच होती. पण हिशोब झाला तेव्हा हातात फारसं उरलं नव्हतं.

आज पीएफसोबतच्या ईपीएस ९५ या योजनेची पेन्शन येते २,१४० रुपये. महिन्याला. ही रक्कम वाढत नाही, तिला महागाई भत्ता नाही. बीपीची आणि शुगरची गोळी रोजची. मेडिकलवर गेलो की तो पोरगा न विचारता कात्री काढतो, पत्ता कापून सात गोळ्या देतो. पुढच्या सात पुढच्या आठवड्यात. सुरुवातीला मी तोंडाने सांगायचो, आता त्याला माहीत झालंय.

तुमच्या मंडळींचं ऐका. केरळ कुठे जात नाही.

नोटप्रेस_काका

केरळ कुठे जात नाही, मुलं जातात. मी नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालो, वय ७१. निवृत्तीनंतर आम्ही दोघांनी चारधाम केलं, रामेश्वर केलं, अंदमानही झालं. पोस्टात ज्येष्ठ नागरिक योजनेत १५ लाख आहेत, ८.२ टक्क्यांनी तिमाहीला ३०,७५० येतात, त्यातून वर्षाला एक प्रवास सहज निघतो. कुठल्याच फोटोत मुलं नाहीत. मुलगा बेंगळुरूला असतो, त्याला सलग आठ दिवस रजा मिळत नाही. मुलीचं सासर धुळ्याला, तिच्या मुलांच्या परीक्षा. नोकरीत असताना एलटीसी, म्हणजे प्रवास सवलत होती, तरी मी ओव्हरटाइमसाठी थांबलो. त्या काळात ओव्हरटाइम सोडणं म्हणजे मला गुन्हा वाटायचा.

आज मी खर्च करतो म्हटलं तरी मुलांचे आठ दिवस मला मिळत नाहीत. तुम्हाला ते मिळतायत. जा.

सातपूर_निवृत्त

काका, राग मानू नका. तुमची पेन्शन वर्षातून दोनदा महागाईप्रमाणे वाढते, दवाखान्याचीही सोय आहे. तुम्ही "जा" म्हणता तेव्हा तुमच्या पायाखाली जमीन आहे. या दादाच्या पायाखाली ती नाही. तुमचा सल्ला तुमच्या घरासाठी बरोबर आहे.

नोटप्रेस_काका

राग नाही. तुम्ही म्हणता ते खरं आहे, मी ते लिहायला हवं होतं. तरी मुलांबद्दलचं माझं म्हणणं मागे घेत नाही.

सिडको_शिक्षिका

मी गणित शिकवते आणि २००७ ला लागले. राज्यात १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, म्हणजे मीही याच चिंतेत आहे. मार्च २०२३ च्या संपात आम्ही रस्त्यावर होतो ते यासाठीच. त्यामुळे भावना बाजूला ठेवून आकडे मांडते.

महागाई सहा टक्के धरली तर किंमत बारा वर्षांत दुप्पट होते. आपल्या नाशिककरांना हे लक्षात ठेवायला सोपं आहे, एका सिंहस्थापासून दुसऱ्या सिंहस्थापर्यंत दुप्पट. २०१५ ला घर १६ हजारांत चालत असेल तर २०२७ ला ३२ हजार लागतील. दादांचा हप्ता सोडून आजचा खर्च ३१ हजार धरू. ५८ व्या वर्षी तेवढ्याच राहणीला ७० हजारांच्या आसपास लागतील. आणि ईपीएस? पगार कितीही असला तरी मोजणी १५ हजारांवर होते, त्याला नोकरीच्या वर्षांनी गुणून ७० ने भागायचं. ३५ वर्षं धरली तरी साडेसात हजार. ही वरची मर्यादा झाली.

आता त्या ८० हजारांकडे बघा. पीपीएफच्या ७.१ टक्क्यांनी १५ वर्षांत साधारण २ लाख २४ हजार होतात. ऐकायला छान वाटतं. पण त्या वेळच्या महागाईने भागलं तर आजचे ९३ हजारच. म्हणजे पीपीएफमध्ये पैसा फार वाढत नाही, टिकतो. तुमची सहल मात्र तेव्हा १ लाख ९२ हजारांना पडेल.

म्हणून माझं उत्तर असं की ८० हजारांनी तुमचं म्हातारपण सुधारतही नाही आणि बिघडतही नाही. ते ठरणार दर महिन्याला काय बाजूला पडतं त्यावर, आणि तुम्ही सांगितलंत त्यात ते शून्य आहे. सहलीवर चर्चा चाललीय, पण खरा खड्डा तिथे आहे. करारात जी मासिक वाढ मिळाली, तिच्यातले निदान पाच हजार पगाराच्या दिवशीच आपोआप कापले जाऊ द्या. ते होणार नसेल तर केरळ रद्द केल्याचा काही उपयोग नाही.

आणि मेडिक्लेम आहे का? ईएसआयची, म्हणजे कामगार विम्याची मर्यादा २१ हजार पगाराची आहे, तुम्ही कधीच बाहेर पडला असाल. मेडिक्लेम नसेल तर मात्र मी वहिनींच्या बाजूने. आधी तो, मग बाकी सगळं.

गंगापूररोड_२६

सोपं आहे. फरक गुंतवा आणि सहल बिनव्याजी ईएमआयवर करा, दोन्ही होईल.

सिडको_शिक्षिका

नको. फिरून आल्यावर सहा महिने हप्ते भरायचे म्हणजे त्या आठ दिवसांची आठवणसुद्धा कडू होते. घराचा हप्ता आधीच आहे.

दिंडोरीचा_बागायतदार

आमच्याकडे निवृत्ती हा शब्दच नाही. वडिलांनी ७१ व्या वर्षापर्यंत छाटणीची कात्री खाली ठेवली नव्हती. अटल पेन्शन २०१५ ला आली तेव्हा मी चाळिशी ओलांडलेली, वयात बसलो नाही.

द्राक्षाचा पैसा वर्षातून एकदा येतो, तोही आला तर. गारा पडल्या, नाहीतर व्यापारी माल उचलून गेला आणि फोन बंद, की वर्ष संपलं. ज्या वर्षी चांगला आला त्या वर्षी आधी पीककर्ज, मग सोसायटी, मग खत-औषधाच्या दुकानाची उधारी, उरलं तर घर. मी चौदा वर्षं "बाजूला" पैसे ठेवत आलो. पण बाजूला ठेवलेला पैसा घरात थांबत नाही. बोअर आटली, पुतणीचं लग्न निघालं, कोणाचा अपघात झाला. नुसता बँकेत पडलेला पैसा सगळ्यांना दिसतो आणि नाही म्हणता येत नाही. २०१९ ला मी तीन लाख म्हातारपणासाठी म्हणून ठेवले होते. त्यातला एक रुपया आज नाही, आणि तो आनंदातही गेला नाही.

म्हणून टीचर, तुमचं गणित बरोबर पण एक भर घालतो. जे ठेवायचं ते लगेच कुलूपबंद करा, पीपीएफ असो की आणखी काही. जे खर्चायचं ते लगेच खर्चा. "बघू नंतर" म्हणून खात्यात राहिलेले पैसे ना उद्याचे, ना आजचे. दादा, तीन आठवडे तुमचे १ लाख ७६ हजार बचत खात्यातच पडून आहेत ना? त्यांच्यावर कोणाची तरी नजर गेली असेल.

इंदिरानगर_भिशी

इतकं सगळं वाचलं, पण वहिनींना काय वाटतं ते कोणी विचारलं नाही. त्या फक्त "नको म्हणणाऱ्या" झाल्या.

पंधरा वर्षं आमच्या भिशीत बारा बायका आहेत, त्यांतल्या चार आता एकट्या. नवरे गेले. ईपीएसमध्ये नवऱ्यामागे बायकोला त्याच्या पेन्शनच्या निम्मी मिळते. सातपूरच्या काकांच्या २,१४० चे निम्मे किती ते तुम्हीच काढा. नियमाने एक हजाराच्या खाली जात नाही, एवढाच आधार. नवरा सहसा दोन-चार वर्षांनी मोठा असतो आणि मागे राहते ती बहुतेक वेळा बाई. म्हातारपणाची बचत ही जास्त करून तिचीच गरज असते, म्हणून ती आग्रह धरते. त्याला चिकटपणा म्हणू नका.

मी सहलीच्या विरोधात नाही, तिलाही घरातून आठ दिवस सुटका हवीच असते. पण दादा, तिच्या एकटीच्या नावावर काय आहे ते सांगा.

पाथर्डीफाटा_४४

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर "काही नाही" असं आहे. एलआयसी माझ्या नावावर, फ्लॅट दोघांच्या नावावर, बाकी काही नाही. मेडिक्लेम कंपनीचा आहे, नोकरी असेपर्यंत. दिंडोरीच्या भाऊंनी लिहिलेलंही खरं निघालं. परवाच मेव्हण्याने गाडीसाठी ५० हजार मागितले. अजून हो म्हटलेलं नाही.

काल पूर्ण धागा बायकोला वाचायला दिला. तिला स्वतःला लिहायचंय.

पाथर्डीफाटा_४४

मी त्यांची बायको, त्यांच्याच फोनवरून लिहितेय. ज्या मेव्हण्याने ५० हजार मागितले तो माझाच भाऊ आहे, त्याला मी "नाही" म्हणून सांगितलं आहे.

माझे वडीलही सातपूरलाच होते. मी आठवीत असताना त्यांचं काम सुटलं. किराणा उधारीवर आणायला ते मला पाठवायचे, कारण दुकानदार मुलीच्या जातीला बोलत नाही. तो खरंच बोलायचा नाही. वही उघडायचा, बोट वरून खाली फिरवायचा आणि मग साखर मोजायला घ्यायचा. ते बोट मला अजून दिसतं. खात्यात पैसे असले की मला शांत झोप लागते, एवढंच माझं कारण आहे. केरळ मलाही बघायचंय. मी समुद्र एकदाच पाहिलाय, तोही अलिबागचा.

काल यांच्या पीएफचं खातं फोनवर उघडलं. वारस म्हणून सासूबाईंचं नाव. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. यांनी कधी बघितलंच नव्हतं.

माझं म्हणणं असं आहे. आठऐवजी सहा दिवस, जाता-येता रेल्वेच्या स्लीपरने, ५५ हजारांच्या आत. आपला स्वतःचा मेडिक्लेम या महिन्यातच. उरलेले माझ्या नावाने पीपीएफ उघडून त्यात. आणि दर महिन्याचे पाच हजार, टीचर म्हणाल्या तसे. यांना सहा दिवस कमी वाटतायत. मुलगीही आठ म्हणते. त्यावर अजून बोलणं चालू आहे.

सिडको_शिक्षिका

वहिनी, मेडिक्लेम घेताना जुनी दुखणी लपवू नका, दाव्याच्या वेळी तेच अडकतं. आणि मेचं रिझर्व्हेशन आता काढलं नाही तर सहा की आठ हा प्रश्नच उरणार नाही.

सातपूर_निवृत्त

ताई, पीएफचं वारसाचं काम आजच करा, त्यात बोलण्यासारखं काही नाही. बचतीबद्दलचं माझं मत तेच आहे.

किराणा दुकानाचं वाचलं. २००९ ला मीही धाकटीला पाठवायचो, ती पंधरा वर्षांची होती. मला वाटायचं तिला त्यातलं काही कळत नाही, कारण ती कधी काही म्हणाली नाही. आता ओझरला असते. रात्री तिला फोन करतो.