मदत हवी आहे: एकाच बाटलीतील वाईनला मी दोनदा वेगवेगळे गुण दिले, परीक्षणाची पद्धत कशी सुधारावी?

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

ठाण्यात पाचपाखाडीतील आमच्या घरी आम्ही पाचजण गेले वर्षभर दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी निरनिराळ्या देशांतील वाईन चाखतो आणि प्रत्येक वाईनला वीसपैकी गुण देतो. बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांवर केवळ क्रमांक घालण्याचे काम माझ्या नणंदबाई करतात. त्या स्वतः वाईन घेत नाहीत, त्यामुळे कोणत्या क्रमांकामागे कोणता देश आहे हे गुण देऊन होईपर्यंत आम्हा पाचांपैकी कोणालाही कळत नाही. एप्रिलच्या बैठकीत त्यांनी आम्हाला न सांगता नाशिकची एकच शिराझ (त्याच नावाच्या द्राक्षाची तांबडी वाईन) दोनदा ओतली, एकदा दुसऱ्या क्रमांकाला आणि एकदा सहाव्या. मी तिला पहिल्या खेपेस १६ गुण दिले आणि दुसऱ्या खेपेस १२. माझ्याच अक्षरात एका तक्त्यावर ‘पिकलेले जांभूळ, मिरी, तुरटपणा मऊ’ असे लिहिलेले आहे आणि दुसऱ्यावर ‘पातळ, तुरट, दारूचा भपका’. हे दोन कागद शेजारी ठेवून पाहिल्यापासून मी फार अस्वस्थ आहे.

असे इतरांच्याही बाबतीत घडते हे मला वाचनातून ठाऊक आहे. वाईन उत्पादक रॉबर्ट हॉजसन यांनी कॅलिफोर्नियाच्या राज्य मेळ्यातील स्पर्धेत परीक्षकांना नकळत एकाच बाटलीतील वाईन तीन-तीनदा दिली होती, आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार दहांतील जेमतेम एका परीक्षकाचे गुण दर वेळी जवळपास सारखे राहिले. परंतु तेवढ्यावर समाधान मानायचे असेल तर गुण देण्यालाच अर्थ उरत नाही, म्हणून माझी चूक नेमकी कोठे झाली हे मला शोधायचे आहे.

मला दोन शंका आहेत. पहिली क्रमाची. दुसऱ्या क्रमांकाच्या आधी एक हलकी पांढरी वाईन होती, तर सहाव्याच्या आधी ऑस्ट्रेलियातील बरोसा खोऱ्याची चांगली भारदस्त शिराझ होती. तिच्यानंतर नाशिकची वाईन पातळ वाटणे स्वाभाविक असावे, शिवाय तुरटपणा घोटागणिक तोंडात साचत जातो. आम्ही घोट गिळत नाही, स्टीलच्या पातेल्यात टाकतो, आणि मध्ये पाणी व साधा पाव घेतो, तरीही तो साचतोच. दुसरी शंका तापमानाची. तांबडी वाईन खोलीच्या तापमानाला द्यावी असे युरोपातील पुस्तके सांगतात, पण त्यांची खोली सोळा ते अठरा अंशांची असते, आणि एप्रिलमधली आमची बैठकीची खोली पंखा चालू असतानाही तीस अंशांच्या घरात होती. ती बाटली टेबलावर तासभर उघडी राहिली होती, म्हणजे मी ज्याला दारूचा भपका म्हटले तो त्या वाईनचा दोष नसून आमच्या उकाड्याचा परिणाम असू शकतो. तांबड्या बाटल्या अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून मग ओतणाऱ्या सभासदांचा अनुभव काय आहे?

शब्दांचा प्रश्न मला याहून अवघड वाटतो. आमच्यातील एका काकांनी कितीतरी महिने ज्या वाईनने तोंड सुकते तिच्यापुढे ‘कोरडी’ असे लिहिले, कारण पुस्तकातील ‘ड्राय’ या शब्दाचा त्यांनी तसा अर्थ घेतला होता. प्रत्यक्षात त्या शब्दाचा अर्थ गोडवा नसलेली एवढाच आहे, आणि तोंड सुकवणाऱ्या गुणासाठी मराठीत तुरट हा नेमका शब्द आधीपासून आहे. आता आम्ही तक्त्यावर ‘बिनगोड’ आणि ‘तुरट’ असे दोन वेगळे रकाने केले आहेत. आंबटपणा ओळखायची आमची खूण अशी, की घोट टाकल्यावर जिभेच्या कडांना पाणी सुटले तर तो आंबटपणा, आणि कच्चे केळे चावल्यासारख्या हिरड्या आवळल्या तर तो तुरटपणा. फळांच्या बाबतीत मात्र आमची गाडी अडते. पुस्तके वाईनच्या गंधाची तुलना ज्यांच्याशी करतात ती ब्लॅककरंट आणि गूसबेरी ही फळे जांभळी नाक्याच्या बाजारात मिळत नाहीत आणि आमच्यापैकी कोणीही ती खाल्लेली नाहीत, म्हणून न्यूझीलंडमधील मार्लबरोच्या सोव्हिन्यों ब्लां या पांढऱ्या वाईनसाठी आम्ही पेरू आणि ढोबळी मिरची असे लिहितो. ढोबळी मिरचीचा वास तरी कल्पनेतला नव्हे, कारण त्या मिरचीत आणि त्या द्राक्षात वास देणारी द्रव्ये एकाच कुळातील आहेत. आपल्या बाजारातील फळांवरून कोणी अशी गंधांची यादी केली असेल, तर ती पाहायला मिळाल्यास मी आभारी राहीन.

शिराझमधील मिरीबाबतही एक पेच आहे. हा गंध रोटंडोन नावाच्या द्रव्यामुळे येतो, तेच द्रव्य काळ्या मिरीतही असते, आणि ऑस्ट्रेलियातील संशोधकांना असे आढळले की सुमारे पाचातील एका माणसाला ते मुळी जाणवतच नाही. आमच्या पाचांत अशी एक मैत्रीण आहे. तिच्यापुढे मिरीची पूड धरली तर झणका लागतो, पण वाईनमधली मिरी तिला आजवर एकदाही सापडलेली नाही. शिराझच्या बैठकीत तिचे गंधाचे गुण इतरांच्या गुणांबरोबर सरासरीत धरणे योग्य ठरेल का?

शेवटचा मुद्दा प्रदेशांच्या तुलनेचा आहे. मे १९७६ मध्ये पॅरिसमध्ये ब्रिटिश वाईन व्यापारी स्टीव्हन स्परियर यांनी फ्रेंच परीक्षकांपुढे फ्रान्सच्या आणि कॅलिफोर्नियाच्या वाईन नावे झाकून ठेवल्या, तेव्हाही गुण वीसपैकीच होते, आणि पांढऱ्या व तांबड्या अशा दोन्ही गटांत कॅलिफोर्निया पहिली आली. तेथे दोन्ही बाजूंना द्राक्षाचे वाण सारखे होते, त्यामुळे एकच मोजपट्टी लावणे सयुक्तिक होते. आमच्याकडे मात्र पन्नास अक्षांशाजवळच्या जर्मनीतील मोझेलची रीस्लिंग आणि वीस अक्षांशावरील नाशिकची शेनिन ब्लां या निरनिराळ्या द्राक्षांच्या पांढऱ्या वाईन एकाच रांगेत येतात. मोझेलच्या थंडीत द्राक्षातील आंबटपणा टिकून राहतो. नाशिकला तोडणी जानेवारी ते मार्च या काळात होते, आणि हंगामाच्या अखेरीस ऊन तापलेले असते. मोझेलसारखी धार नाही म्हणून नाशिकच्या वाईनचे गुण कापणे मला अन्यायाचे वाटते, आणि तरीही प्रत्येक प्रदेशाला वेगळी मोजपट्टी लावली तर परीक्षण सैल पडेल अशी भीती वाटते. माझा कल असा आहे, की समतोल आणि घोटानंतर चव किती वेळ रेंगाळते या दोन गोष्टी सर्वांना सारख्याच कसोटीने मोजाव्यात, आणि आंबटपणाचा विचार त्या समतोलाच्या आतच करावा. हे बरोबर आहे का?

या महिन्याच्या शनिवारी सहा बाटल्या आहेत: दोन नाशिकच्या, आणि मोझेल, मार्लबरो, स्पेनमधील रिओहा व अर्जेंटिनातील मेंडोसा येथील प्रत्येकी एक. नणंदबाईंनी यांतील कोणती तरी एक पुन्हा ओतावी असे मीच त्यांना सांगितले आहे. पांढऱ्या आधी आणि तांबड्या नंतर असा क्रम ठेवला, तर दुसऱ्यांदा येणारी वाईन तिच्याच गटात ठेवावी, की दहा-पंधरा मिनिटे थांबून सर्वांच्या शेवटी ओतावी? शुक्रवारपर्यंत कोणी सांगू शकल्यास तक्ते त्याप्रमाणे तयार करता येतील.