मदत हवी आहे: गोठ्याच्या जोत्यावर गॅरेज बांधू का? (तीन जुन्या गाड्या, साडेपाच गुंठे, ता. दापोली)

आधी प्रश्न, मग रामायण.

समुद्रापासून पाऊण किलोमीटरवर नवीन घर बांधतोय. सोबत माझ्या तीन जुन्या गाड्यांसाठी गॅरेज हवंय. ते घराला चिकटून घ्यावं की लांब, बंद ठेवावं की उघडं, आणि जमीन कशाची करावी? खाऱ्या हवेत जुनी गाडी निदान सात-आठ पावसाळे सांभाळलेल्यांनी कृपया लिहा. ‘एवढ्या पैशात नवी स्विफ्ट आली असती’ हे वाक्य घरात रोज ऐकते, ते इथे नको.

सासर आंजर्ल्याच्या अलीकडच्या एका गावात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात जुन्या घराचं आढं मोडलं, निम्मी कौलं शेजाऱ्यांच्या आगरात सापडली आणि एक माड बरोब्बर माझ्या जिप्सीच्या बॉनेटवर आडवा झाला. तेव्हापासून आई-आप्पा (सासू-सासरे) उरलेल्या दोन खोल्यांवर पत्रे टाकून राहतायत. आम्ही दोघं आणि लेक पुण्यात. हिस्सेदारांच्या सह्या गोळा करण्यात चार वर्षं गेली, त्यावर वेगळा धागा काढेन, वाचायला पॉपकॉर्न लागेल. आता सातबारा स्वच्छ आहे, जागा गावठाणाला लागून आहे, खाडीपासूनचं अंतर मोजून झालंय. तेव्हा परवानग्यांवर सल्ला नको. घाई एवढीच की मिरगाच्या आत छप्पर चढलं पाहिजे.

आता गाड्या.

पहिली बाबांची प्रीमियर पद्मिनी, १९८४ ची, क्रीम रंगाची. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघाली आणि पुढची तीस वर्षं गिरगावात एकाच झाडाखाली उभी राहिली. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर मी सोळाव्या वर्षी हिच्यावर शिकले, कार्बोरेटर उघडायला सतराव्या. इंजिन उत्तम आहे. फ्लोअरमधून मात्र रस्ता दिसतो. (एक गंमत: फियाटचं इंजिन १०८९ सीसी आणि एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. आप्पा निवृत्त गणित शिक्षक. हे सांगितल्यावर ते पहिल्यांदा उठून गाडीजवळ गेले.)

दुसरी जिप्सी, १९९० ची, ९७० सीसीवाली. माडाचा प्रसाद मिळालेली. चासी सरळ आहे, दापोलीच्या डेंटरने बॉनेट आणि मडगार्ड जमेल तेवढं उठवून दिलंय, पण लांबीखाली (पुट्टीखाली) पत्रा किती उरलाय ते मला विचारू नका. मुलीचा जीव हिच्यावर.

तिसरी पहिल्या पिढीची मारुती ८००, लोक जिला एसएस ८० म्हणतात ती. गाडी कसली, सांगाडा. इंजिन खाली उतरवून पोत्यात बांधून ठेवलंय. गेली सहा वर्षं ताडपत्रीखाली आहे आणि ती ताडपत्री घालणं ही माझी सगळ्यात मोठी चूक. पाऊस बाहेर राहिला, दमट हवा आत कोंडली. गेल्या दिवाळीत काढून पाहिली तर दाराच्या खालच्या कडा हाताने मोडत होत्या.

घरातली मतं अशी. नवऱ्याला स्टिल्ट हवंय, खाली गाड्या आणि वर घर. आईंचे गुडघे बघता जिना चढून स्वयंपाकघरात जायचं ही कल्पना मी पहिल्या दिवशीच मोडीत काढली. इंजिनिअरने नकाशात घराला चिकटून स्लॅबची खोली आणि रोलिंग शटर काढलंय, पुण्यातल्या बंगल्यासारखं. आप्पांचं म्हणणं, गाड्यांची खोली पश्चिमेला घ्या, घराला झड लागणार नाही. म्हणजे माझी फियाट घराची छत्री!

माझ्या डोक्यात चौथंच आहे. परसात जुना गोठा होता. गुरं गेली २०१२ च्या सुमारास, छप्पर गेलं वादळात. चिऱ्याचं जोतं तेवढं शाबूत आहे, २४ बाय १६ फूट. फियाट नि जिप्सी दोन्ही साधारण तेरा फूट लांब, पाच फूट रुंद. शेजारी शेजारी उभ्या करून मध्ये दार उघडून बसता येईल एवढी जागा उरते. जोतं घराच्या पूर्वेला, म्हणजे वाऱ्याच्या आडोशाला. पाणंद तिथपर्यंत जाते. आईंनी मात्र तिथे सुपाऱ्या वाळत घालायला नि लाकडं ठेवायला खोपी ठरवली आहे, आणि त्या काही बोलत नाहीत, हीच भीती.

अडलंय इथे:

गोठ्याची जमीन तशीच ठेवून वर कोबा केला तर चालेल का? मला ओल खालून येईल असं वाटतं. गाडीखाली उभं राहून काम करायला पिट खणायचा विचार होता, पण आमची विहीर जुलैत काठोकाठ असते. पत्रा की कौलं? शटर नको, तर मग काय? आणि गॅरेजचा सगळा खर्च पाच लाखांच्या आत बसायला हवा, नाहीतर एक गाडी विकावी लागेल. कुठली, ते सांगू नका.

* * *

खाडीकाठ:
ताई, नकाशातलं शटर आजच्या आज खोडा. मी तेच केलं होतं. स्लॅबची बंद खोली, लोखंडी शटर, आत माझी प्रीमियर ११८ एनई. चौथ्या वर्षी शटरची खालची पट्टी हातात आली. बंद खोलीत जुलै-ऑगस्टमध्ये फरशीला पाणी सुटतं आणि ते जायला वाट नसते. हँडब्रेक ओढून ठेवलेला, मागचे दोन्ही ड्रम जाम. आता पावसाळ्यात हँडब्रेक सोडून चाकांना लाकडाचे ठोकळे लावतो. बाहेर पडवीत उभी असलेली बायकोची स्कूटर माझ्या गाडीपेक्षा चांगल्या स्थितीत होती, याहून काय सांगू.

पागोळी:
इंजिनिअर आहे, गुहागरकडे कामं करतो. गोठ्याच्या जमिनीवर थेट कोबा अजिबात नको. पन्नास वर्षांचं गोमूत्र मुरलंय त्यात. त्याचे क्षार हवेतलं पाणी ओढतात, कोबा फोडून वर येतात आणि पत्र्याला खातात. जोत्याच्या आतली माती निदान दीड फूट काढा. ती आगरात टाका, माड खूश होतील. खाली चिऱ्याची कपची ठोकून बसवा, त्यावर जाड प्लास्टिक (२५० मायक्रॉन मागा, दुकानदार पातळ देतो), सांधे हातभर एकमेकांवर चढवून, मग काँक्रीट. ढाळ दारापासून मागे, गव्हाणीच्या उलट. गुरांच्या वेळी होता तसाच ढाळ असेल तर बदलूही नका.

पिट विसरा. आपल्याकडे त्याची विहीर होते. आणि पाणी नसलं तरी पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती खड्ड्यात साठते. कार्बोरेटरच्या गाडीखाली, पिवळा बल्ब घेऊन, खड्ड्यात... नको.

एक विचारू? जोत्याच्या मागे जमीन उतरते का?

धागाकर्ती:
उतरते! मागे आगर आहे, पुरुषभर खाली. मध्ये गडगा (दगडी बांध).

पागोळी:
मग झालं की. खणायचं कशाला? गडग्यापलीकडे दोन भिंती काढा चिऱ्याच्या, वर आरसीसीचे दोन पट्टे, जोत्याच्या पातळीत. गाडी मागच्या बाजूने सरळ पट्ट्यांवर न्यायची, तुम्ही आगरातून चालत खाली जायचं. आगराकडची बाजू उघडी, पाणी साठत नाही, वाफ साठत नाही. चिऱ्यावर थेट चाक येऊ देऊ नका, टनभर वजन कडेवर आलं की चिरा फुटतो. टोकाला चांगला वीतभर उंच अडसर हवा. तिन्ही गाड्यांची चाकांमधली रुंदी मोजून मग पट्टे ठरवा. तुमच्या इंजिनिअरला सळईचं गणित काढून द्यायला सांगा, अंदाजाने नको.

रेडऑक्साइड:
छप्पर कौलांचं. पत्र्याला रात्री आतून दव धरतं आणि टपटप गाडीवर. पत्राच घालायचा असेल तर खाली फळ्या मारा. लाकूड वापरणार असाल तर वाळवीचं औषध आधी, नंतर नाही.

गाडीबद्दल: खालून जाड काळं कोटिंग मारणारे भेटतील, त्यांना दारात उभं करू नका. गंजावर मारलं की गंज आत सुखाने वाढतो. आधी गोड्या पाण्याने सगळं मीठ धुवा, वाळू द्या, सडका पत्रा कापून नवा जोडा, प्रायमर, मग पोकळ भागांत मेणासारखं अँटी-रस्ट फवारा. दारांच्या खालची बारीक भोकं तारेने मोकळी करा, नव्वद टक्के दारं तिथूनच मरतात (आकडा माझ्या अनुभवाचा, भांडू नये). पावसाळ्याआधी पेट्रोल काढून टाका. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे, ते पाणी धरतं आणि जुन्या रबरी नळ्या खातं. बॅटरी काढून घरात.

आणि उंदीर. वायर कुरतडतात, मग त्यांच्या मागे साप येतो. बॉनेट उघडताना आधी दोनदा ठोका.

सनदी_नाही:
जरा अवांतर. फियाटच्या रजिस्ट्रेशनचं काय? पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण लागतं. व्हिंटेज (जुन्या गाड्यांच्या खास) नोंदणीवर विसंबून असाल तर २०२१ च्या नियमांत पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं पूर्ण हवीत, म्हणजे तुमचा नंबर २०३४ ला. शिवाय ती नोंदणी घेतली की रोज बाजारात न्यायची सोय संपली.

धागाकर्ती:
मुदत २०२४ ला संपली, मला ठाऊक आहे. गाडी स्वतःच्या चाकांवर पासिंगला नेता आली पाहिजे, म्हणून तर फ्लोअर आधी. आंजर्ल्याच्या बाजारात कोलंबी आणायला फियाट नेता येणार नसेल तर मला व्हिंटेज नकोच.

* * *

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. काल रात्री हा सगळा धागा पडवीत मोठ्याने वाचून दाखवला. आईंनी सुपारी कातरत ऐकलं. ढाळाचं आलं तेव्हा मान हलवली, वाऱ्याचं आलं तेव्हा पुन्हा. शेवटी म्हणाल्या, “अगं, पंचेचाळीस वर्षं मी त्या गोठ्यात गुरं सांभाळली. ओलीत उभं राहिलं की खूर सडतात, कोंडलं की दम लागतो, झड लागली की आजारी पडतात. तुझ्या गाड्यांचं वेगळं काय आहे? मला विचारलं असतंस तर आधीच सांगितलं असतं.”

मग त्यांनी पाटीवर काढून दाखवलं. पश्चिमेची भिंत पूर्ण, छपराला टेकलेली, फक्त मागच्या पट्ट्यांवर जायला एक फाटक. उत्तर-दक्षिण कमरेएवढे चिरे, वर लाकडी पट्ट्यांची जाळी, पट्ट्या बाहेरच्या अंगाला खाली झुकलेल्या. पूर्वेला दोन फाटकं, लाकडाची, खाली वीतभर फट. पागोळ्या जोत्यापासून दोन हात लांब पडतील इतकं छप्पर पुढे. आषाढात दक्षिणेला माडाची झापं बांधायची, गणपतीला सोडायची. वर माळा, त्यावर त्यांच्या सुपाऱ्या नि लाकडं. म्हणजे खोपीही झाली. एक अट घातली आहे: थिनरचा डबा माळ्याखाली ठेवायचा नाही, सुपारीला वास लागतो. नवरा म्हणाला, “आई, गॅरेज डिझाइन करतेस की काय?” त्या म्हणाल्या, “गोठा बांधतेय.”

इंजिनिअरला नवीन नकाशा द्यायचाय, तो तोंड वाकडं करणार. मागच्या पट्ट्यांसाठी सळईचं काम तोच काढून देईल. शटर आणि स्लॅब वाचूनही हिशेब पाच लाखांच्या थोडा वर जातोय, पण गाडी विकण्याइतका नाही. आप्पांनी परस्पर सांगितलंय की वरचे पैसे त्यांच्या पेन्शनमधून, फक्त पुढच्या अंगणाला हात लावायचा नाही.

आता तातडीची मदत. रविवारी चिऱ्याचा पहिला ट्रक येतोय. पाणंदीच्या तोंडाशी ८०० चा सांगाडा उभा आहे, तो हलल्याशिवाय ट्रक वळत नाही. मागची दोन्ही चाकं जाम. ड्रमवर हातोडा मारून झाला, गंज सोडवायचं तेल दोन दिवस मुरवून झालं, ढिम्म. ड्रम न फोडता सुटतील का? नसतील सुटत तर चार माणसांनी उचलून घोडीवर ठेवायचा बेत आहे, पण दारांच्या खाली धरायला पत्राच उरलेला नाही. कुठे धरू? शनिवार संध्याकाळपर्यंत सांगा.