मदत हवी आहे: केळीच्या आरएनए डेटासाठी सुपरकॉम्प्युटर पोर्टल, अर्जात काय भरू?

रावेरची_लेक

नमस्कार मंडळी,

जळगाव जिल्ह्यातल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्रात पीएचडी करतेय. विषय केळीवरचा सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस), म्हणजे आपल्याकडचे शेतकरी ज्याला हरण्या म्हणतात तो. मृगबागेला पावसाची झड आणि ढगाळ हवा लागली की मावा वाढतो, आणि माव्याबरोबर हा. पानांवर पिवळे पट्टे दिसले की झाड उपटून नष्ट करायचं, औषध नाही. ज्यांच्या घरी बाग आहे त्यांना जास्त सांगायला नको.

ग्रँड नैन या केळीच्या जातीची सहा निरोगी आणि सहा रोगट झाडं घेऊन बारा नमुन्यांचं आरएनए सिक्वेन्सिंग बाहेरून करून घेतलंय. प्रत्येक नमुन्यात अडीच कोटींच्या आसपास रीड-जोड्या (मशीनने वाचलेले आरएनएचे छोटे तुकडे), सगळ्या झिप फाइल्स मिळून 60 जीबी. माझा लॅपटॉप 8 जीबी रॅमचा. लॅबमधले सीनियर म्हणतात ट्रिनिटी या प्रोग्रामने असेम्ब्ली (तुकडे जुळवून मूळ आरएनए उभे करणं) कर. लॅपटॉपवर ते होणं शक्य नाही, म्हणून गाईड मॅडमनी सुपरकॉम्प्युटरसाठी अर्ज टाकायला सांगितलंय.

आता अडचण अशी की फॉर्ममध्ये कोअर-तास, प्रति नोड मेमरी, वॉलटाइम, स्टोरेज असे रकाने आहेत आणि त्यात काय लिहायचं हे आमच्या विभागात कोणालाच सांगता येत नाही. अंदाजे मोठा आकडा टाकला तर अर्ज परत येईल का? दुसरं, लिनक्सची काळी खिडकी मला येत नाही. ब्राउझरमधून, माउसने चालवता येईल अशी पोर्टल्स असतात असं ऐकलंय. ती आपल्याला मिळतात का? परदेशातली फुकट असतील तर ती चालतात का? आणि आमच्या कॉलेजच्या नेटवर एसएसएच (दूरच्या यंत्रावर लॉगिन करायची सोय) बंद आहे, तेही लक्षात घ्या.

---

भो_जळगावचा

ताई, गूगलचं कोलॅब वापरा ना. फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतं. नाहीतर ते मार्च 2025 मध्ये आलेलं इंडिया एआय कॉम्प्युट पोर्टल बघा, त्यावर जीपीयू (ग्राफिक्स प्रोसेसर) स्वस्तात भाड्याने मिळतात.

---

यावलकर

भो, कोलॅबचं फुकट सत्र जास्तीत जास्त 12 तास, आणि मध्येच तुटलं की डिस्कवरचं सगळं गेलं. 60 जीबी तिथे चढवून काय उपयोग? इंडिया एआयचं पोर्टल जीपीयूसाठी आहे, मॉडेल ट्रेन करणाऱ्यांसाठी. ताईंच्या कामात जीपीयूला करायला काही नाही, त्यांना सीपीयू आणि मेमरी हवी.

ताई, मी मूळचा यावलचा, सध्या पुण्यात एका संस्थेच्या क्लस्टरवर (एकत्र जोडलेली अनेक यंत्रं) अ‍ॅडमिन आहे. असे अर्ज रोज वाचतो, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी सीनियरला विचारा, ट्रिनिटी कशासाठी? ज्या जीवाचा संदर्भ जीनोम (आधीच वाचून ठेवलेला पूर्ण डीएनए) नाही त्याच्यासाठी ती असेम्ब्ली. केळीचा जीनोम 2012 मध्येच प्रसिद्ध झालाय, 52 कोटी अक्षरांच्या आसपास. ट्रिनिटीचा ढोबळ हिशेब आहे दहा लाख रीड-जोड्यांना 1 जीबी रॅम. तुमच्या बारा नमुन्यांच्या मिळून 30 कोटी जोड्या होतात, म्हणजे 300 जीबी. नॉर्मलायझेशन केलं (जादाचे सारखे रीड्स कमी केले) तर कमी लागेल, पण तरी मोठ्या मेमरीचा नोड (क्लस्टरमधलं एक यंत्र) मागावा लागेल, आणि तसले नोड प्रत्येक क्लस्टरवर थोडेच असतात.

त्याऐवजी रीड्स थेट केळीच्या जीनोमवर बसवा. त्यासाठी स्टार हा प्रोग्राम वापरलात तर जीनोमच्या दहापट बाइट्स मेमरी धरतात, म्हणजे 5-6 जीबी. हायसॅट2 ला त्याहून कमी. 32 जीबीच्या साध्या नोडवर आरामात होतं. आणि विषाणूचं म्हणाल तर जे रीड्स केळीवर बसत नाहीत ते वेगळे काढा आणि तेवढ्यांचीच असेम्ब्ली करा. सीएमव्हीचे तीन आरएनए तुकडे, तिन्ही मिळून साडेआठ हजार अक्षरांच्या आसपास. एवढ्याशा विषाणूसाठी 300 जीबी कोण मागतं?

आता फॉर्म. कोअर-तास म्हणजे कोअर (प्रोसेसरमधले गणित करणारे भाग) गुणिले तास, बाकी त्यात काही जादू नाही. एका नमुन्याला 8 कोअर आणि सढळ हाताने 4 तास धरा. बारा नमुन्यांचे 384 होतात. चुका, पुन्हा चालवणं, जीननुसार रीड्सची मोजणी वगैरे धरून 1000 लिहा आणि हिशेब शेजारी लिहून दाखवा. अर्ज परत जातात ते मोठ्या आकड्यामुळे नाही, तो आकडा कुठून आला हे लिहिलेलं नसतं म्हणून. "1 लाख कोअर-तास, संशोधनासाठी" एवढंच लिहिलेले अर्ज आमच्याकडे येतात. त्यांचं काय करायचं सांगा.

वॉलटाइम, म्हणजे काम चालायला लागणारा घड्याळी वेळ, तोही नेमका मागा. शेड्युलर (कामांची रांग लावणारा प्रोग्राम), बहुतेक ठिकाणी स्लर्म, मोठ्या जॉबसाठी नोड रिकामे होण्याची वाट बघत असतो, आणि मधल्या वेळेत बसणारे छोटे जॉब पुढे सरकवतो. चोपड्याच्या एसटीत एकट्या माणसाला कुठेतरी जागा होते, वऱ्हाडाला पुढच्या गाडीची वाट बघावी लागते, तसंच. बारा नमुन्यांचा एक मोठा जॉब लावू नका, जॉब अ‍ॅरे करून बारा छोटे लावा.

---

पांझरा

यावलकर, माहिती चांगली आहे, पण मूळ प्रश्न पोर्टलचा होता. एसएसएच बंद असलेल्या कॉलेजातून ही पोरगी तुमच्या क्लस्टरवर येणार कशी?

---

यावलकर

बरोबर, तेच लिहीत होतो. आपल्याकडच्या बऱ्याच परम नावाच्या सरकारी सुपरकॉम्प्युटरांवर एसएसएच नेहमीच्या 22 वर नसून 4422 पोर्टवर असतं. कॉलेजने 22 उघडून दिलं तरी लॉगिन होणार नाही, कॉलेजकडे पोर्ट उघडून मागताना हा आकडा स्पष्ट लिहा. नाहीतर घरच्या नेटवरून किंवा मोबाइल हॉटस्पॉटवरून लॉगिन करा, तिथे सहसा अडचण येत नाही.

ब्राउझरमधून चालवण्यासाठी जगभर सगळ्यात जास्त वापरलं जाणारं म्हणजे ओपन ऑनडिमांड. अमेरिकेतल्या ओहायो सुपरकॉम्प्युटर सेंटरने बनवलेलं, मुक्त स्रोत. एकदा लॉगिन केलं की फाइल्स ओढून टाकता येतात, जॉबचा फॉर्म भरता येतो, ज्युपिटर किंवा आरस्टुडिओ बटण दाबून उघडता येतं, आणि ते चालतं कॉम्प्युट नोडवर. सगळं नेहमीच्या वेबच्या 443 पोर्टवरून, म्हणून कॉलेजचा फायरवॉल आड येत नाही. पण ते काही वेगळं यंत्र नव्हे, क्लस्टरवर बसवलेला दरवाजा आहे. ज्या संस्थेत अर्ज करताय तिथे बसवलंय का ते त्यांच्या सपोर्टला मेल करून विचारा. अर्जाच्या आधी विचारा, नंतर नको.

राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशन 2015 चं, सीडॅक आणि बंगळुरूची आयआयएस्सी ते राबवतात. आपल्याला जवळचं म्हणजे आयसर पुण्याचं परम ब्रह्म. सप्टेंबर 2024 मध्ये परम रुद्र तीन ठिकाणी लागलं, त्यातलं एक नारायणगावजवळच्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीला. पेपरात पेटाफ्लॉप्स (वेगाचं माप) वाचून यंत्र निवडू नका. तुमच्या कामाला कुठलंही चालेल. बाहेरच्यांना प्रवेश कुठे आहे, शुल्क किती आणि तुमचं सॉफ्टवेअर तिथे आधीच आहे का, एवढं बघा.

---

गिरणाकाठी

मला वाटतं ताईंना क्लस्टर लागतच नाही. गॅलेक्सी वापरा.

गॅलेक्सी हे पोर्टलच आहे, मागे मोठी यंत्रं, पुढे फक्त ब्राउझर. अमेरिकेचा सर्व्हर वेगळा, युरोपचा (जर्मनीत फ्रायबुर्गला) वेगळा, ऑस्ट्रेलियाचाही आहे. मुख्य दोन्हींवर खातं काढलं की 250 जीबी जागा मिळते, भारतातून चालतं, पैसे नाहीत, अर्ज नाही. हायसॅट2, स्टार, मोजणी, डीसेक2 (निरोगी-रोगट नमुन्यांतला फरक काढणारं), सगळं डावीकडच्या यादीत. माउसने होतं. आरएनए-सेकचे पायऱ्यापायऱ्यांचे धडे त्यांच्याच साइटवर आहेत, आमच्या एमएस्सीच्या पोरांनी तेवढ्यावर प्रोजेक्ट काढलेत.

खरी अडचण अपलोडची. 10 एमबीपीएस अपलोड धरला तर 60 जीबीला 13 तासांहून जास्त लागतात, तेही वीज न जाता आणि नेट न तुटता. रावेरला पावसाळ्यात हे होईल का ते तुम्हीच सांगा! म्हणून ज्या कंपनीने सिक्वेन्सिंग केलं तिच्याकडून थेट डाउनलोड लिंक मागा आणि ती गॅलेक्सीच्या अपलोडमध्ये "पेस्ट/फेच डेटा" मध्ये टाका. सर्व्हर स्वतःच फाइल ओढून घेतो, तुमचं नेट वापरलंच जात नाही. कंपन्या लिंक काही दिवसांनी बंद करतात, तेव्हा हे आधी करा. आणि एमडी5 (फाइल जशीच्या तशी आली का ते दाखवणारा संकेत) जुळवून बघायला विसरू नका, अर्धवट उतरलेली फाइल पुढे फार रडवते.

250 जीबी पटकन भरतात. रीड्स बसवून झाले की मधल्या फाइल्स काढा, पण नुसत्या डिलीट करून जागा मोकळी होत नाही, पर्ज (कायमचं पुसणं) करावं लागतं. यावर निम्मी पोरं अडतात.

अमेरिकेचं अ‍ॅक्सेस नावाचं सुपरकॉम्प्युटर वापरायला देणारं जाळं आहे (2022 पर्यंत एक्ससीड होतं ते), पण त्यात मुख्य संशोधक अमेरिकेतल्या संस्थेचा लागतो. तिकडे वेळ घालवू नका.

---

पांझरा

आणि अप्रकाशित डेटा परदेशातल्या सर्व्हरवर टाकायचा? तुमच्या फंडिंग एजन्सीला विचारलंत का? उगाच नंतर मॅडम अडचणीत यायच्या.

---

गिरणाकाठी

शंका रास्त आहे. गॅलेक्सीत तुमची हिस्टरी (तुमच्या फाइल्स आणि केलेलं काम) आपणहून कोणाला दिसत नाही, तुम्ही शेअर केली तरच. पण ते झालं तांत्रिक उत्तर. पैसा सरकारी असेल तर मंजुरीपत्रातली डेटाची अट आधी वाचा. जैवतंत्रज्ञान विभागाच्या 2021 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सरकारी पैशातून झालेला जैविक डेटा फरीदाबादच्या इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटरमध्ये ठेवायचा असतो. विश्लेषण कुठे करायचं हा वेगळा मुद्दा, पण मॅडमना मेल करून लेखी होकार घ्या.

---

धुळे_मास्तर

मी भौतिकशास्त्र शिकवतो, तुमच्या हरण्यातलं मला काही कळत नाही. पण पोर्टलवरून शिकवायचं असेल तर अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाचं नॅनोहब बघा, बऱ्याच वर्षांपासून आहे. अर्धवाहकांची सिम्युलेशन्स मुलं कॉलेजच्या जुन्या कॉम्प्युटरवरून चालवतात, गणित होतं तिकडे. आमच्याकडे प्रयोगशाळेत एक ऑसिलोस्कोप धड नाही, पण पोरं पीएन जंक्शनचे आलेख काढतात. विषयांतर झालं, माफी.

---

रावेरची_लेक

सगळ्यांचे खूप आभार. मॅडमशी बोलले. निधी विद्यापीठाचा आहे आणि मंजुरीपत्रात डेटाबद्दल काही अट नाही, त्यांनी मेलवर होकार दिला. कंपनीची लिंक अजून चालू होती, युरोपच्या गॅलेक्सीवर सगळ्या फाइल्स आल्या, एमडी5 जुळले. पहिल्या दोन नमुन्यांचे हायसॅट2 चालू केलेत. सीनियरना ट्रिनिटीचं विचारलं तर म्हणाले, "आम्ही तसंच करायचो."

तरी क्लस्टरचा अर्ज टाकायचाच आहे, पुढच्या मोसमात नमुने वाढणार आहेत. एक अडलंय: पोर्टल संस्थेचा ईमेल मागतं, जीमेल घेत नाही. आमचं कॉलेज विद्यार्थ्यांना ईमेल देत नाही.

---

यावलकर

अर्ज मॅडमच्या नावाने जाऊ द्या, त्यांच्या संस्थेच्या ईमेलवरून. मुख्य संशोधक त्या, तुम्ही प्रकल्पातल्या सदस्य. सदस्याला जीमेल चालेल का ते ठिकाणावर अवलंबून, नाही चालला तर प्राचार्यांकडून बोनाफाइड जोडा, आम्ही तरी ते मान्य करतो. मॅडमचा पासवर्ड मात्र वापरू नका. एका खात्यावरून दोघं लॉगिन झालेले आम्हाला दिसतात, आणि खातं लगेच बंद होतं.

आणि खातं मिळालं की स्क्रॅचवर (क्लस्टरवरची तात्पुरती जागा) महत्त्वाचं काही ठेवू नका. ठरावीक दिवसांनी ती जागा आपोआप साफ होते, बॅकअप नसतो.

---

भो_जळगावचा

ताई, तुमनं काम व्हई जाई, फिकर नका करू. 😄 जाता जाता, माझा भाऊ हवामानाचं डब्ल्यूआरएफ मॉडेल चालवतो, मे-जूनच्या वादळांचं, ज्यात बागा आडव्या होतात. त्याला किती कोअर-तास लिहायचे?

---

यावलकर

त्याचा हिशेब पूर्ण वेगळा. ग्रिड किती किलोमीटरचा, किती दिवसांचं सिम्युलेशन, किती डोमेन ते लिहून भावालाच नवा धागा काढायला सांग. मी येतो तिथे.