नाकापेक्षा मोती जड: निम्मं बजेट ग्राफिक्स कार्डात घालावं का?

खटपट्या

गेमिंगचा पीसी जोडायचा म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला: निम्मे पैसे ग्राफिक्स कार्डात घाला, उरलेल्यात बाकीचं भागवा. माझ्या मते हा सल्ला गंडलेला आहे. ‘बाकीचं भागवा’ म्हणजे प्रत्यक्षात काय होतं, तर हलक्या दर्जाचा पॉवर सप्लाय, रॅमची एकच पट्टी, पुढून काच लावून हवा कोंडलेली कॅबिनेट आणि पुढच्या पिढीचा प्रोसेसर बसणारच नाही असा मदरबोर्ड. त्यावर भलंमोठं कार्ड. नाकापेक्षा मोती जड.

सुरुवात मॉनिटरपासून करावी. १०८०पी च्या एका फ्रेममध्ये सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, १४४०पी ला ३६.९ लाख, ४के ला ८२.९ लाख. पिक्सेल रंगवणं हे कार्डाचं काम, आणि ते रेझोल्यूशनबरोबर वाढतं. प्रोसेसरचं काम वेगळं: पात्रांच्या हालचाली, फिजिक्स, कार्डाला द्यायच्या ड्रॉ कॉलची (काय रंगवायचं त्या आज्ञांची) तयारी. रेझोल्यूशन बदललं तरी हे जवळपास तेवढंच राहतं. ते वाढतं फ्रेमच्या संख्येबरोबर. ६० एफपीएसला (सेकंदाला ६० फ्रेम) प्रोसेसरच्या हातात प्रत्येक फ्रेमसाठी १६.७ मिलिसेकंद असतात, १४४ ला ६.९, २४० ला जेमतेम ४.२. त्यामुळे १०८०पी, सेकंदाला २४० फ्रेम दाखवणारा म्हणजे २४० हर्ट्‌झचा मॉनिटर घेऊन निम्मे पैसे कार्डात ओतले तर कार्ड प्रोसेसरची वाट बघत बसणार. ४के आणि ६० हर्ट्‌झ असेल तर नेमकं उलट.

माझा क्रम असा: मॉनिटर, मग पॉवर सप्लाय आणि मदरबोर्ड, मग प्रोसेसर, आणि शेवटी उरलेल्या पैशांत कार्ड. कारण साधं आहे. कार्ड बदलायचं तर दोन स्क्रू आणि एकदोन केबल. मदरबोर्ड बदलायचा तर अख्खा पीसी उघडा.

फ्रेमगणक

सपशेल असहमत. मॉनिटरपासून सुरुवात करा इथपर्यंत ठीक, पण पुढचा क्रम उलटा आहे.

पॉवर सप्लाय एकही फ्रेम देत नाही. मदरबोर्डही देत नाही. रायझन ५ ७६०० सारखा ६ कोअरचा प्रोसेसर आणि रायझन ७ ७८००एक्स३डी यांच्यातला मोठा फरक परीक्षणांत दिसतो, कारण तिथे मुद्दाम बाजारातलं सर्वांत वरचं कार्ड लावून १०८०पी वर मोजतात. प्रोसेसरचा फरक उघडा पाडायचा तर तसंच करावं लागतं, त्यात चूक नाही. पण तो आलेख बघून मधल्या फळीचं कार्ड घेणाऱ्याने महागडा प्रोसेसर घेतला, तर १४४०पी वर हाय सेटिंगला बहुतेक गेममध्ये दोन्ही पीसी एकाच आकड्यावर येऊन थांबतील. तेच पैसे कार्डात घातले असते तर एक पायरी वरचं कार्ड आलं असतं.

‘पुढच्या पिढीचा प्रोसेसर बसेल’ हे तर निव्वळ गाजर आहे. इंटेलचं एलजीए १७०० सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसरची खाच) १२, १३ आणि १४ व्या पिढीपर्यंत चाललं, २०२४ मध्ये एलजीए १८५१ आलं, विषय संपला. आणि १३-१४ व्या पिढीतल्या वरच्या प्रोसेसरांना व्होल्टेजमुळे अस्थिरतेचा त्रास निघाला, २०२४ मध्ये मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना) बदलून तो आवरावा लागला. ‘पाया भक्कम हवा’ या नावाखाली वरचा प्रोसेसर घेतलेल्यांच्याच वाट्याला ते आलं.

खटपट्या

सोयीचं उदाहरण निवडलंत. एएमडीचं एएम४ सॉकेट बघा: २०१७ च्या बऱ्याच बोर्डांवर बायोस (बोर्डातलं पीसी सुरू करणारं सॉफ्टवेअर) अपडेट करून २०२२ चा रायझन ७ ५८००एक्स३डी चालतो. बोर्ड तोच, रॅम तीच.

आणि १४४०पी म्हणताना तुम्ही एक गोष्ट विसरताय. आज १४४०पी वर किती जण खरोखर १४४०पी रंगवतात? डीएलएसएस (कमी रेझोल्यूशनला रंगवून चित्र मोठं करणारं एनव्हिडियाचं अपस्केलिंग) क्वालिटीवर ठेवलं की आतलं रेझोल्यूशन १७०७×९६० होतं, म्हणजे १०८०पी पेक्षाही कमी. कार्डाचा भार उतरतो, एफपीएस चढतात, आणि चढलेल्या प्रत्येक फ्रेमची तयारी प्रोसेसरला करावी लागते. ‘१४४०पी ला प्रोसेसर गौण’ हे अपस्केलिंगच्या आधीचं गणित झालं.

फ्रेमगणक

अपस्केलिंगचा मुद्दा मान्य. ४के क्वालिटीलाही आत १४४०पी च असतं, तेव्हा तो सगळीकडे लागू होतो.

एएम४ चं उदाहरण मात्र तुमच्याच अंगावर येतं. ते जुने बोर्ड पीसीआयई (कार्ड आणि बोर्ड यांना जोडणारा मार्ग) ३.० चे. आता त्यात आरटीएक्स ४०६० टीआयची ८ जीबी आवृत्ती लावा. कार्ड स्लॉटच्या १६ पैकी ८ च लेन वापरतं, म्हणजे ३.० वर सेकंदाला सुमारे ८ जीबी. कार्डाची स्वतःची मेमरी सेकंदाला २८८ जीबी देते. ८ जीबी भरली की उरलेले टेक्सचर (पृष्ठभागांवर चढवायची चित्रं) रॅममधून त्या चिंचोळ्या बोळातून ये-जा करतात. सरासरी एफपीएस बरे दिसतात आणि कॅमेरा फिरवला की गचके. काही गेम गचके न देता गुपचूप टेक्सचर खालच्या दर्जाचे लावतात, ते तर आकड्यांत दिसतही नाही. हीच चिप १६ जीबीसहही आली आणि तिथे हा त्रास नाही. टेक्सचरची सेटिंग कार्डाची ताकद जवळपास खात नाही, फक्त मेमरी खाते. म्हणून मेमरी पुरेशी असेल तर चित्र सुधारायचा याहून स्वस्त उपाय नाही. आता सांगा, पैसे कुठे गेले पाहिजेत?

वॅटवॅट

तुमचं दोघांचं चालू द्या, पण ‘पॉवर सप्लाय एकही फ्रेम देत नाही’ हे वाक्य वाचून राहवलं नाही. देत नाही, पण सगळ्याच काढून घेऊ शकतो.

आधी एक गैरसमज. ८० प्लस गोल्ड हा दर्जाचा शिक्का नाही, कार्यक्षमतेचा आहे. निम्म्या भारावर सुमारे ९० टक्के, एवढंच तो सांगतो. व्होल्टेज किती स्थिर आहे, आतले कपॅसिटर कुठले, संरक्षक सर्किट वेळेवर सप्लाय बंद करतं का, यातलं काहीही नाही.

घेताना खोक्यावरचा ठळक आकडा बाजूला ठेवा आणि बाजूच्या तक्त्यातली १२ व्होल्टची ओळ वाचा. कार्ड आणि प्रोसेसर दोघंही तिथूनच खातात. ५४ अँपिअर असेल तर ५४ × १२ = ६४८ वॅट, म्हणजे ६५० चा दावा खरा. ४० अँपिअर असेल तर ४८० वॅट. बाकीचे ५ आणि ३.३ व्होल्टवर दाखवलेत, जे गेमिंग पीसीला फारसे लागतच नाहीत.

हिशोब: कार्ड २५० वॅट, प्रोसेसर ९०, बोर्ड-रॅम-एसएसडी-पंखे मिळून ६०. झाले ४००. मग ४५० चा का नको? कारण कार्डाची ओढ सरळ रेषेत नसते. मिलिसेकंदाहून कमी वेळासाठी ती छापील आकड्याच्या कितीतरी वर उसळते. २०२२ च्या एटीएक्स ३.० या पॉवर सप्लायच्या प्रमाणात यासाठीच अट आली की सप्लायने १०० मायक्रोसेकंद दुप्पट भार झेलावा. जुना किंवा हलका सप्लाय ती उसळी बघून स्वतःला बंद करतो. लक्षण ओळखीचं आहे: ऐन गेममध्ये पीसी खटकन बंद, निळा पडदा नाही, इव्हेंट लॉगमध्ये फक्त कर्नल-पॉवर ४१. ती नोंद पीसी नीट बंद न होता पुन्हा सुरू झाला एवढंच सांगते, का ते नाही. लोक मग विंडोज पुन्हा टाकतात, ड्रायव्हर बदलतात, रॅम काढून घालतात.

केबलचं:
- ८ पिनचा प्रत्येक कनेक्टर १५० वॅटचा, स्लॉटमधून ७५. दोन कनेक्टरचं ३०० वॅटचं कार्ड असेल तर दोन स्वतंत्र केबल ओढा. एकाच केबलची दोन तोंडं वापरू नका.
- १६ पिनचा कनेक्टर पूर्ण आत गेला पाहिजे. अर्धवट बसला की मोजक्या पिनांवर भार येऊन वितळतो. १२व्ही-२×६ या सुधारित रूपात सेन्स पिना (कनेक्टर बसलाय का ते कळवणाऱ्या) आखूड केल्या त्या यासाठीच. तोंडापासून पहिले तीनेक सेंटीमीटर केबल वाकवू नका, आणि काच लावताना ती दाबली जात नाही ना ते बघा.
- मॉड्युलर (केबल सुट्या होणारा) सप्लाय बदलला की केबलही बदला. सप्लायच्या बाजूच्या पिनांना कुठलंही प्रमाण नाही. जुनी केबल चपखल बसते आणि १२ व्होल्ट भलत्याच पिनवर जाऊन एसएसडी किंवा हार्ड डिस्क जळते.

काटकसरी_कोअर

वॅटवॅट यांच्याशी सहमत, पण हे वाचून लोक १००० वॅटचा घेऊन येतील. ४०० वॅटच्या पीसीला चांगला ६५० वॅट पुरतो, पुढे ३०० वॅटचं कार्ड घ्यायचं असेल तर ७५०. त्यावरचे पैसे वाया.

पायाच्या नावाखाली जातात असे आणखी दोन खर्च. एक, मदरबोर्ड. ६५ वॅटच्या प्रोसेसरला १४ फेजचं व्हीआरएम (प्रोसेसरला वीज पुरवणारं सर्किट) म्हणजे सायकलला ट्रकची चाकं. दोन हीटसिंक असलेला साधा बी६५० चिपसेटचा बोर्ड बास; ए६२० सुद्धा रॅमचं एक्स्पो प्रोफाइल (छापील वेगाची तयार सेटिंग) चालवतो, फक्त प्रोसेसर ओव्हरक्लॉक करू देत नाही. बघायचं ते एम.२ (एसएसडीच्या खाचा) किती, दुसऱ्या एम.२ मध्ये एसएसडी लावली की डिस्क जोडायचा एखादा साटा पोर्ट बंद पडतो का (मॅन्युअलमध्ये तक्ता असतो), आणि प्रोसेसर न लावता बायोस अपडेट करायचं बटण आहे का. शेवटचं महत्त्वाचं: बोर्ड जुन्या बायोसचा आणि प्रोसेसर नवा असेल तर पीसी सुरूच होत नाही आणि दोष मात्र प्रोसेसरवर जातो.

दोन, पीसीआयई जनरेशन ५ ची एसएसडी. सेकंदाला १४ जीबी वाचते, तापते, आणि गेम उघडायला साडेतीन जीबीवालीपेक्षा फार तर एखाददुसरा सेकंद वाचवते. १ टीबीची टीएलसी (एका सेलमध्ये तीन बिट साठवणारी) एसएसडी घ्या आणि विसरा.

पट्टीवाला

रॅमवर कोणीच बोललं नाही, आणि फुकट मिळणारे एफपीएस तिथेच सांडतात.

डीडीआर५-६००० च्या दोन पट्ट्या मिळून सेकंदाला ९६ जीबी देतात, एकच पट्टी ४८. ‘आत्ता एक, पुढे दुसरी’ हा बेत म्हणून वाईट. ‘आत्ता दोन, पुढे आणखी दोन’ हा त्याहून फसवा: चार पट्ट्या लावल्या की रायझन ७००० चा अधिकृत वेग ३६०० वर येतो. ३२ जीबी हव्यात तर पहिल्याच दिवशी १६ च्या दोन, एकाच संचातल्या. प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत.

नुसता वेगही बघू नका. सीएल म्हणजे उत्तर द्यायला रॅमला लागणारे ठोके. सीएल ३० ला ६००० वर १० नॅनोसेकंद पडतात, सीएल ३६ ला १२, आणि ४८०० सीएल ४० ला १६.७. आणि बायोसमध्ये एक्स्पो किंवा एक्सएमपी चालू केलं नाही तर ६००० ची पट्टी ४८०० किंवा ५६०० वरच धावते. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा वेग बघितला की लगेच कळतं.

एक्स३डी प्रोसेसरला यातलं कमी झोंबतं. ९६ एमबी एल३ कॅशमुळे (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) त्याला रॅमकडे कमी वेळा जावं लागतं. तेव्हा फ्रेमगणक, तुमच्या ७६०० ला (३२ एमबी) चांगली रॅम लावावी लागेल, तो खर्चही हिशोबात धरा.

फ्रेमगणक

धरला. तरी फरकाचे निम्मे पैसे उरतात.

हवेशीर

मोजपट्टी घ्या. कार्डाची लांबी आणि कॅबिनेटमधली जागा यात फक्त ५ मिमी शिल्लक असेल तर कार्ड आत घालतानाच अडकतं. पुढे रेडिएटर लावणार असाल तर त्याची जाडी २७ आणि पंख्याची २५, एकूण ५२ मिमी त्यातून वजा. टॉवर कूलर १५५ ते १६५ मिमी उंच असतात, कॅबिनेटची मर्यादा तपासा. पुढे जाळी, पुढून दोन पंखे आत, मागे एक बाहेर, बस्स. आणि कूलरच्या तळाचं प्लास्टिक काढा! प्रोसेसर लगेच ९५ अंशाला भिडला तर आधी तेच तपासा.

नवशिका_०७

सगळं वाचलं, डोकं गरगरलं. मॉनिटर घेतलेला आहे: १४४०पी, १६५ हर्ट्‌झ. निम्मा वेळ स्पर्धात्मक शूटर, निम्मा वेळ मोठे कथाप्रधान गेम. सांगा बुवा एकदाचं.

फ्रेमगणक

७६००, ६००० सीएल ३० च्या १६ जीबी दोन, साधा बी६५०, ६५० वॅटचा धड सप्लाय. उरलेलं सगळं कार्डात, फक्त मेमरी १२ जीबीच्या खाली नको, १६ असेल तर उत्तम. शूटर लो सेटिंगला ७६०० वरही १६५ च्या वर जातात. तुमच्या मॉनिटरला त्याहून जास्त दाखवताच येत नाही.

खटपट्या

सप्लाय ७५० आणि प्रोसेसर ७८००एक्स३डी. कार्ड एक पायरी खालचं, पण १६ जीबीचं. सरासरी १६५ च्या वर जाईल हो, पण शूटरमध्ये हात चुकतो तो सगळ्यात संथ १ टक्का फ्रेममुळे, आणि तिथेच कॅश कामाला येते. कार्ड दोन वर्षांनी बदला.

यांचं आणि माझं जमणार नाही, तेव्हा स्वतःच मोजा. मित्राच्या पीसीवर तुमचे गेम लावा, एफपीएसची मर्यादा काढा आणि रेझोल्यूशन १४४०पी वरून १०८०पी करा. एफपीएस बऱ्यापैकी वाढले तर कार्ड अडवतंय. हललेच नाहीत आणि कार्डाचा वापर ७०-८० टक्क्यांवर दिसला तर प्रोसेसर. नुसता प्रोसेसरचा वापर बघून ठरवू नका. १६ पैकी एकच थ्रेड गच्च भरला असला तरी एकूण आकडा कमीच दिसतो.

फ्रेमगणक

चाचणी बरोबर आहे, निकाल माझ्या बाजूने लागेल.

पट्टीवाला

@नवशिका_०७, दोघांपैकी कोणाचंही ऐका, एएम५ वर (रायझन ७००० चं सॉकेट) पहिल्यांदा बटण दाबल्यावर पडदा काही मिनिटं काळाच राहतो. मेमरी ट्रेनिंग (रॅमशी जुळवून घेणं) चालू असतं. घाबरून मधेच बंद करू नका. दहा मिनिटांनीही काही दिसलं नाही तर आधी बघा, मॉनिटरची केबल कार्डात लावलीय की मदरबोर्डात.