मदत हवी आहे: द हेगमध्ये आईसोबत एक दिवस

मे महिन्यात आईला (वय 71, गुडघेदुखी) घेऊन नेदरलँड्समधल्या द हेगला जातोय. मुक्काम ॲमस्टरडॅमला, त्यामुळे हातात एकच दिवस, तोही सोमवार. तिथलं माउरित्सहाउस हे चित्रसंग्रहालय सोमवारी दुपारी 1 ला उघडतं. तिथलं चित्रकार व्हर्मीरचं ‘मोत्याच्या डुलातली मुलगी’ हे चित्र आईला बघायचंच आहे, ते तिकीट काढलंय. म्हणून सकाळी 9 नंबरच्या ट्रामने स्खेवेनिंगनचा समुद्र, असं ठरवलंय. ट्रामचे पैसे थेट बँकेच्या कार्डाने देता येतात, ते कळलं. जेवणाचीही काळजी नाही, सुरिनामी हिंदुस्थानी (सुरिनाम देशातून आलेल्या भारतीय वंशाच्या) मंडळींची रोटी द हेगमध्ये मिळते. आईला सलग दहा मिनिटांहून जास्त चालवत नाही, जिने तर नकोतच. नकाशावर चढउतार कळत नाही. स्खेवेनिंगनच्या कुऱ्हाउस (समुद्राजवळचं जुनं हॉटेल) या ट्रामथांब्यावरून जिना न चढता-उतरता, समुद्र दिसेल अशा बाकापर्यंत कसं जायचं?